आधी पाणी, मग कॅमेरा

फॉल रिव्हर, मॅसॅच्युसेट्स
९ ऑक्टोबर १९९८

कोंपाद्रे हेर्मिनियो,

तुम्ही बरे असाल. मी बरी आहे, तळघर बरं नाही. परवा फोन लावला तर तुम्ही तिकडून "कोण? कोण?" एवढंच ओरडत राहिलात आणि शेवटी "आम्हाला व्हॅक्यूम क्लीनर नको" म्हणून ठेवून दिलात. तीस वर्षं गटारं धुणाऱ्या त्या जेट मशीनच्या पंपाशेजारी उभं राहून कानांचे बारा वाजवून घेतलेत. आता पत्रच बरं.

झालं असं, की चर्चच्या विक्रीसाठी शनिवारी मी दोनशे मालासादा तळल्या. उरलेलं तेल कुठे ओतलं ते विचारू नका. रविवारी सकाळी तळघरातल्या मोरीतून काळं पाणी वर आलं. अबिलियो असता तर म्हणाला असता, "देल्फिना, चर्चला वडे दिलेस आणि सैतानाला तेल."

तुमच्या भाच्याला बोलावलं. दुसऱ्या कुणाला बोलावणार? गाडी, मशीन, गिऱ्हाइकं सगळं नेल्सनच्या हाती देऊन तुम्ही फ्लोरिडाला निघालात तेव्हा माझ्याच स्वयंपाकघरात म्हणाला होतात, "कोमाद्रे, आता तो म्हणजे मीच." तो आला. आधी कॅमेरा घेऊन तळघरात उतरला, मग मला गाडीत बसवून छोट्या टीव्हीवर पाईप दाखवला. बाई गं! खापरी पाईपला उभी चीर, आणि सांध्यातून मुळांच्या जटा लोंबताहेत. बत्तीस फुटांवर. म्हणाला, "मावशी, बरोब्बर अंजिराच्या खाली." त्यानंतर जेट लावला. पाणी मागे फेकत ती नळी आपली आपण पुढे सरकत जाते, हे इतकी वर्षं बघूनही मला खरं वाटत नाही. तळघरातल्या बरण्या थरथरल्या, दुसऱ्या मजल्यावर भाडेकरणीच्या कमोडमधून कारंजं उडालं आणि ती सगळ्या संतांना हाका मारायला लागली. अर्ध्या तासात पाणी खळखळ वाहू लागलं.

पण नेल्सन म्हणतो, हे चार दिवसांचं सुख. पहिली थंडी पडून जमीन गोठली की पाईप खाली बसणार. अंगण खणायचं, नवा पाईप घालायचा आणि अंजीर काढायचं.

ते अंजीर तुम्हाला वेगळं सांगायला नको. अबिलियोने अमेरिकेला येताना ती फांदी आपल्या बेटावरच्या आईच्या परसातून कोटाच्या अस्तरात शिवून आणली होती. दर नोव्हेंबरला थंडीपासून वाचवायला तो झाड वाकवून खड्ड्यात निजवायचा, वर घोंगडी, ताडपत्री, माती. आणि ईस्टरला उठवायचा. शेवटच्या वर्षी खड्डा मी खणला आणि तो खुर्चीत बसून मला शिव्या घालत होता. नवरा गेल्यावर त्याच्या हातचं एवढंच राहिलंय.

नेल्सनचं मला कळत नाही, तुमचं कळतं. माझ्या लुसियाचे धर्मपिता, माझे कोंपाद्रे, उगाच नाही केलं तुम्हाला. तुम्ही कापा म्हणालात तर कापते. नको म्हणालात तर तळघरात होडी घालून फिरेन. तुमचं पत्र येईपर्यंत कुऱ्हाड लावू देणार नाही, असं त्याला सांगितलंय.

तुमची कोमाद्रे,
देल्फिना


पाम कोस्ट, फ्लोरिडा
१७ ऑक्टोबर १९९८

कोमाद्रे देल्फिना,

दोनशे मालासादा! आणि मला पोस्टाने एकही नाही. मग तळघर तुंबणारच.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. अंजिराचं वाचून वाईट वाटलं. अबिलियोने मला निघताना दिलेली फांदी इथे छपरापर्यंत गेली आहे, वर्षातून दोनदा फळते. तिला निजवावं लागत नाही. इथे निजण्याचं काम मीच करतो.

आता मुद्द्याचं. मुळं ही अशी जात आहे, की एकदा सांध्यात शिरली की बाहेरचा रस्ता विसरते. आज जेटने कापाल, दोन वर्षांत पुन्हा हजर. वर चीर पडली असेल तर बोलायलाच नको. एका जानेवारीत चर्चमागच्या घरात काय झालं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. बिचाऱ्यांनी महिनाभर शेजाऱ्यांच्या संडासात रांग लावली.

नेल्सनला हे काम मी शिकवलं. त्याचे डोळे ते माझे डोळे. कापा, कोमाद्रे. माझ्या शब्दावर कापा. बाप्तिस्म्याच्या पाण्यावर तुमच्या लुसियाला मी धरलं होतं, तिच्या आईला मी भलतं सांगेन का?

अबिलियोला राग येणार नाही. माणूस चिडका होता, पण तळघर कोरडं असावं याबद्दल त्याचं आणि माझं कधी भांडण झालं नाही.

तुमचा,
हेर्मिनियो


फॉल रिव्हर
२ नोव्हेंबर १९९८

कोंपाद्रे,

आज मृतांचा दिवस. सकाळी स्मशानात जाऊन अबिलियोला सांगून आले. तोंडाने सांगवेना, म्हणून तुमचं पत्रच त्याच्या दगडाजवळ वाचून दाखवलं.

गुरुवारी झाड कापलं. नेल्सन दोन माणसं आणि नवीन खोदाईचं यंत्र घेऊन आला होता. यंत्र पिवळंधमक, अजून वासही गेला नव्हता. करवत फिरली तेव्हा मी स्वयंपाकघरात पाठ करून उभी राहिले आणि बटाटे सोलले. किती सोलले कळलंच नाही, तीन दिवस बटाटे नि केलच्या पाल्याचं सूप खातेय. फांद्यांवर अजून वीस-बावीस फळं होती, कच्ची. ती तशीच टोपलीत घालून ठेवली आहेत. काय करायचं त्यांचं?

खोदताना मला जवळ येऊ दिलं नाही. "मावशी, दरड कोसळेल." जुने खापरी पाईप काढून ट्रकमध्ये टाकत होते, त्यातला एक मी हट्टाने मागून घेतला. दोन फुटी, छान अख्खा आहे. तळघराच्या खिडकीत उभा करून त्यात पार्सली लावीन म्हणते. खर्च नव्या गाडीएवढा झाला, पण त्याचं मला काही नाही. पैसे अबिलियोने अशाच दिवसासाठी ठेवले होते.

लुसिया फोनवर चिडली. "आई, मला विचारायचं तरी." मी म्हटलं, तुझ्या धर्मपित्याला विचारलं, आणखी कुणाला विचारायचं? तरी तिला पाईप बघायचाय म्हणून नेल्सनकडून त्या दिवशीच्या कॅमेऱ्याच्या टेपची नक्कल करून घेतली. नाही म्हणत होता. मी म्हटलं, "तुझ्या मामाचा नियम आहे, टेप घरवाल्याची." मग दिली. थँक्सगिव्हिंगला ती आली की बघू.

मागच्या दारी आता खूप उजेड येतो. मला तो सहन होत नाही.

देल्फिना


पाम कोस्ट
१० नोव्हेंबर १९९८

कोमाद्रे,

कच्च्या अंजिरांचा साखरेत मुरंबा करा. माझी आई करायची.

झालं ते झालं. आता त्या टेपा कशाला बघत बसता? गटाराचं चित्र बघून कुणाचं भलं झालंय? लुसियाला सांगा, काम चोख झालं, मामला संपला. आणि तो पाईपचा तुकडा आधी फेकून द्या. पन्नास वर्षं त्यातून काय काय वाहिलंय ते मला विचारा. त्यात पार्सली लावून सूपात घालाल आणि आजारी पडाल.

इथे गुडघा दुखतोय, म्हणून थोडक्यात लिहिलं.

हेर्मिनियो


फॉल रिव्हर
२९ नोव्हेंबर १९९८

कोंपाद्रे,

गुडघ्याला कोबीचं पान बांधा.

लुसिया येऊन गेली. टर्की नेहमीप्रमाणे कोरडी झाली आणि तिच्या नवऱ्याने नेहमीप्रमाणे छान झाली म्हणून सांगितलं. जेवणानंतर टेप बघितली.

मला एकच विचारायचंय. नेल्सनच्या आधी आमच्या पाईपमध्ये तुम्ही स्वतः कधी कॅमेरा घातला होता का? हो किंवा नाही, एवढंच लिहा. सत्तावीस वर्षांची ओळख आहे आपली, म्हणून विचारतेय.

देल्फिना


पाम कोस्ट
८ डिसेंबर १९९८

कोमाद्रे देल्फिना,

किती जुन्या गोष्टी काढता! हो, घातला असेल. बहुतेक पंचाण्णवला. तुम्ही घरी नव्हतात. अबिलियोनेच बोलावलं होतं आणि तुम्हाला सांगू नको म्हणाला होता, उगाच काळजी करत बसाल म्हणून. मुळं तेव्हापासूनच होती. नेल्सनच्या हातून टेपांची अदलाबदल झाली असेल, पोरगं धांदरट आहे, पण पाईप तुमचाच. तुमच्या नवऱ्याला ठाऊक होतं. एवढं बोलून हा विषय आपण मिटवू.

नाताळच्या शुभेच्छा. लुसियाला माझा आशीर्वाद.

हेर्मिनियो


फॉल रिव्हर
४ जानेवारी १९९९

हेर्मिनियो,

हो किंवा नाही एवढंच मागितलं होतं. तुम्ही अबिलियोला थडग्यातून उठवून साक्षीला आणलंत. त्या माणसाला माझ्या वाढदिवसाची भेटसुद्धा लपवता येत नव्हती. पिशवी हातात धरून दारातच सांगून टाकायचा. तो माझ्यापासून फुटका पाईप लपवणार?

आता मी सांगते.

लुसियाने टेप लावली आणि खोलीत तुमचा आवाज आला. चित्रात मुळं, आणि वर तुमचा आवाज. आधी वाटलं, तुम्ही गावात येऊन मला न भेटताच गेलात की काय, आणि मला रागच आला. मग मागे नेल्सनचा आवाज, पोरसवदा, आताच्यासारखा जाड नाही. तुमचा खोकला. नळी अडकल्यावर संत अँथनीला तुम्ही घालता ती शिवी, जिच्यामुळे अबिलियो तुम्हाला रविवारी जेवायला बोलवायचा नाही. तुमच्या त्या मशीनवर आवाजही उतरतो हे तुम्हाला कुणी सांगितलंच नसणार, आणि सांगितलं तरी ऐकू आलं नसतं. गाडीतला टीव्ही मुका आहे. माझा नाही.

टेपच्या शेवटी कॅमेरा बाहेर येतो आणि क्षणभर अंगण दिसतं. अर्धा बाथटब जमिनीत उभा पुरलेला, आतून निळा रंगवलेला, त्यात पवित्र मेरीची मूर्ती. या गावात निम्म्या अंगणांत ती आहे, पण माझ्या अंगणात कधीच नव्हती. अबिलियो म्हणायचा, देवाच्या आईला न्हाणीत उभी करू नये.

मग मी खाली जाऊन तो पाईपचा तुकडा घासून घासून धुतला. कुठे चीर नाही, मुळाचं एक तूस नाही. टिचकी मारली तर खणखणीत वाजतो. तुम्ही तो फेकून द्या का म्हणालात ते कळलं.

नेल्सनने मला फसवलं, त्याचं मला फार नाही. त्याला नवं यंत्र पोसायचंय. पण रात्रंदिवस डोक्यात तुमचं एक वाक्य फिरतंय, जे माझ्या टेबलाशी बसून, शोरिसू सॉसेजच्या चकत्या तोंडात घालत, तुम्ही शंभरदा म्हणाला असाल: "आधी पाणी, मग कॅमेरा, मग तोंड." तुंबलेल्या पाईपात कॅमेरा घातला तर काळ्या पाण्याशिवाय काही दिसत नाही; आधी जेटने धुवायचं, मग बघायचं, मग गिऱ्हाइकाशी बोलायचं. आणि माझ्या पहिल्याच पत्रात मी काय लिहिलं होतं? नेल्सनने आधी कॅमेरा दाखवला आणि मग जेट लावला. मला ते कळलं नाही, मी वडे तळणारी बाई. तुम्ही पत्र दोनदा वाचलंत. तुम्हाला ऑक्टोबरमध्येच कळलं होतं.

झाड तेव्हा उभं होतं. वीस-बावीस फळांसकट उभं होतं. तुमच्या एका "नको"साठी थांबलं होतं. केसाने गळा कापला तुम्ही माझा.

टेपवर तुम्ही पुढेही बोलता. ते आज लिहीत नाही. तुम्ही स्वतःहून सांगता का ते बघायचंय.

देल्फिना


पाम कोस्ट
२० जानेवारी १९९९

कोमाद्रे देल्फिना,

(कोमाद्रे म्हणायचा हक्क गेला असेल, पण हाताला दुसरं लिहिता येत नाही.)

हो. पहिल्या पत्रातच कळलं. चार दिवस पत्र खिशात घेऊन फिरलो. नको म्हणालो असतो तर का, ते सांगावं लागलं असतं, आणि का ते सांगितलं असतं तर नेल्सन गावातून उठला असता. आपलं गाव तुम्हाला ठाऊक आहे, रविवारच्या प्रार्थनेआधी बातमी चर्चच्या दारात. माझ्या बहिणीचा एकुलता एक मुलगा. आपलेच दात, आपलेच ओठ. वाटलं, शेवटी एक झाडच आहे. हे असं वाटलं याची मला आता लाज वाटते.

अबिलियोचं नाव घेतलं ते सर्वांत वाईट केलं. त्याबद्दल क्षमा मागायलाही तोंड नाही.

ती टेप कोलंबिया रस्त्यावरच्या एका घरातली. चौऱ्याण्णवची. त्या हिवाळ्यात काम नव्हतं आणि मी ती दोन ठिकाणी दाखवली. दोनच. दोघं परके, बाहेरून आलेले घरमालक, तिथे राहतही नसत. आपल्या माणसाला कधी नाही. बेटावरून आलेल्या कुणाला, चर्चमधल्या कुणाला कधीच नाही, तसं मनातसुद्धा आलं नाही. लुसियाची शपथ घेऊन सांगतो. नेल्सनने ते पुढे आपल्या माणसांवर चालवलं, हे पाप त्याचं. मी त्याला असं शिकवलं नव्हतं.

टेपवर मी काय बोललो ते आता आठवत नाही. म्हातारा झालोय. एवढीच विनंती, ती टेप जाळून टाका.

सोबतच्या खोक्यात माझ्या अंजिराची फांदी आहे. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळली आहे. अबिलियोच्याच झाडाची लेक. लावा. माझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी.

हेर्मिनियो


फॉल रिव्हर
३ मार्च १९९९

श्री. हेर्मिनियो फुर्तादो यांस,

फांदी मिळाली. थंडीने टोक काळं पडलं होतं, ते छाटलं. लावली. तुम्ही दिलेली म्हणून नाही, त्याची म्हणून. तिचा काय दोष? तुम्ही फेकून द्या म्हणाला होता त्याच अख्ख्या खापरी पाईपमध्ये माती भरून तळघराच्या खिडकीत उभी केली आहे. काल एक कोंब दिसला, बोटाच्या पेराएवढा.

नेल्सनबद्दल मी गावात कुणाला काही बोलले नाही. लुसियाने मात्र वकिलाला पत्र लिहिलंय, ते तिचं ती बघेल. ती तुम्हाला आता धर्मपिता म्हणत नाही. मी तिला तसं सांगितलेलं नाही आणि थांबवलेलंही नाही.

टेप जाळली नाही. तुम्हाला आठवत नाही म्हणता, आणि इकडून वाजवून दाखवली तरी ऐकू येणार नाही. म्हणून काल दुपारी टीव्हीसमोर बसून, थांबवत थांबवत, शब्दन् शब्द उतरवून घेतला. खाली देते. माझं त्यात काही नाही.

तुम्ही: बत्तीस फूट. बघ, काय मुळं आहेत! ही टेप पुसू नकोस, नेल्सन. जपून ठेव.

नेल्सन: कशाला, मामा?

तुम्ही: ज्याच्या पाईपला काही झालेलं नसेल, त्याला दाखवायला.

नेल्सन: आणि आपल्या ओळखीचा कुणी निघाला तर? त्याला कळेल ना, हा आपला पाईप नाही म्हणून.

(इथे तुम्ही हसता. मग बराच वेळ खोकता.)

तुम्ही: उलट तिथेच सोपं. परका टेप बघतो रे. ओळखीचा माणूस टेप बघतच नाही. तो आपलं तोंड बघतो.

एवढंच आहे. पुढे नुसतं पाणी वाहतं.

खरं बोललात. मी ती टेप नीट बघितलीच नव्हती. नेल्सनचं तोंडही बघितलं नव्हतं. मी तुमच्या पत्राची वाट बघितली होती.

देल्फिना रापोझो